कालची सोबतीण, आजची सुपरवायझर

गेल्या अंकात ‘हाताखालची माणसं सांभाळताना येणाऱ्या अडचणी कळवा’ असं आवाहन केलं होतं. सोलापुरातून बरीच पत्रं आली. त्यातली पाच इथे घेतली आहेत. पत्रलेखकांची आणि कारखान्यांची नावं नेहमीप्रमाणे छापलेली नाहीत.

प्रश्न : शाळेचे गणवेश शिवणाऱ्या युनिटमध्ये सात वर्षं मशीनवर बसले. गेल्या महिन्यात मालकांनी शर्टाच्या लाईनवर सुपरवायझर केलं. चौदा मशीन आहेत. ज्यांच्याबरोबर रोज डबा खाल्ला त्याच आता म्हणतात, “आता काय बाई, मॅडम झाल्या!” दिवसाला ३०० शर्ट निघायला पाहिजेत, पण २३०-२४० च्या वर गाडी जात नाही. ओरडले तर बायका रुसतात, नाही ओरडले तर मालक मला ओरडतात.

आधी शर्टांचं बघू, रुसव्याचं नंतर. शर्टांचा प्रश्न बराचसा हिशेबाचा आहे आणि तो सुटला की रुसवाही थोडा सैल पडतो.

आठ तासांची पाळी म्हणजे ४८० मिनिटं. जेवणाची ३० आणि दोन चहांची २० वजा केली की ४३० उरतात, म्हणजे २५,८०० सेकंद. ३०० शर्ट हवेत तर लाईनवरच्या प्रत्येक कामाला एका शर्टामागे जास्तीत जास्त ८६ सेकंद मिळतात. आता मोबाईलवर वेळ लावून प्रत्येक मशीनवरचे पाच-पाच पीस मोजा, एकदा सकाळी अकराला आणि एकदा दुपारी चारला. मोजण्याआधी त्या बाईला सांगा, की हे कशासाठी चाललंय आणि यावरून मजुरीचा रेट कमी होणार नाही. हे मालकांकडून आधी पक्कं करून घ्या. न सांगता मोजायला उभं राहिलात तर हात मुद्दाम संथ होतील, आणि त्यात त्यांचं काही चुकलं असंही म्हणता येणार नाही.

शर्टात बहुतेक वेळा कॉलर जोडणीवर गाडी अडते. समजा तिथे पीसला ११० सेकंद लागतात. २५,८०० भागिले ११० म्हणजे २३४. तुमचा आकडा नेमका तोच आहे. मग उरलेल्या तेरा जणींवर कितीही ओरडलं तरी दिवसाला २३४ च शर्ट निघणार. कॉलरच्या पुढे बसलेल्या मशीन रिकाम्या राहणार आणि मागे बंडलांचा ढीग लागणार. ढीग कुठे लागतो ते बघितलं तरी अडलेली जागा कळते.

आता त्या एका मशीनपाशी अर्धा तास उभ्या राहा. कॉलरवालीचे ११० सेकंद काही सगळे शिवण्यात जात नाहीत. ती बंडल सोडते, साईजचं लेबल बघते, अंगाच्या नंबरशी कॉलरचा नंबर जुळवते, मग कॉलर दुमडून मध्य शोधते, कारण कटिंगमध्ये मध्यावर खाच मारलेली नसते. हे दुमडणंच पीसमागे दहा-बारा सेकंद खातं. कटिंग मास्तरांना सांगून कॉलरला आणि मागच्या गळ्याला खाच मारून घ्या. जोड्या लावून देण्याचं काम हेल्परकडे द्या. ११० चे ८०-८५ होतात. एवढ्यावर ३०० जेमतेम निघतात, हाताशी काही राहत नाही. म्हणून आणखी एका बाईला रोज दोन तास कॉलरवर बसवून शिकवा. कॉलरवाली एक दिवस आली नाही तर लाईन बसू नये, हाही त्यात हेतू आहे.

सुपरवायझरच्या शब्दाला वजन इथून येतं. “हिनं माझी कटकट कमी केली” असं एका बाईला वाटलं, की ते डब्याच्या वेळी आपोआप चौदा जणींत पोचतं.

आता नात्याचं. पहिलं काम मालकांचं आहे. त्यांनी पाळी सुरू होताना दोन मिनिटं सगळ्यांसमोर सांगायला हवं, की मशीन बदलून देणं, अर्ध्या दिवसाची सुट्टी आणि ऑल्टर, म्हणजे दुरुस्तीचा पीस, परत पाठवणं हे ताई ठरवतील. रेट आणि भरती माझ्याकडे. हे झालं नसेल तर अजून मागून घ्या. नाहीतर प्रत्येक तक्रार तुमच्या डोक्यावरून थेट केबिनमध्ये जाईल, आणि मालकांनी एकदा तिथे परस्पर निकाल दिला की तुमची खुर्ची नावालाच उरली. केबिनमधून एकच प्रश्न परत यायला हवा: “ताईंशी बोललात का?”

पुढच्या सात दिवसांत रोज दोघी, अशा चौदाही जणींशी प्रत्येकी दहा मिनिटं एकेकटीशी बोला. रोज तुझं काम कशानं अडतं? मी काय बदलू नये असं तुला वाटतं? तुला आणखी कुठलं मशीन शिकायचंय? उत्तरं वहीत लिहा आणि प्रत्येकीचं निदान एक छोटं काम दोन दिवसांत करून टाका: बोथट सुई, मशीनवरचा बंद दिवा, एप्रिलच्या उन्हात भलतीकडेच वारा फेकणारा पंखा. रेटचं आश्वासन मात्र चुकूनही देऊ नका. ते तुमच्या हातात नाही.

डबा त्यांच्यातच खा. फक्त त्या वेळी कुणाच्या पगाराचा, सुट्टीचा विषय काढू नका, कुणी काढला तर “दुपारी बोलू” म्हणा. जवळच्या मैत्रिणीला आधीच एकटीला सांगून ठेवा, की कामाच्या जागी तुलाही सगळ्यांचाच नियम. पण इतरांना दाखवण्यासाठी तिला मुद्दाम जास्त कडक वागवू नका. बायकांना ते लगेच कळतं आणि दोन्हीकडून जाल. ‘मॅडम’चा टोमणा पंधरा दिवसांत शिळा होतो, त्याच्याकडे लक्षच नको. चूक दाखवायची तर मशीनजवळ जाऊन, वाकून, हळू आवाजात. लांबून हाक मारलीत तर मशीनच्या आवाजावर ओरडावं लागतं आणि साधी सूचनाही शेडभर बोलणी खाल्ल्यासारखी होते. ऑल्टरचा पीस त्याच दिवशी, खडूची खूण करून, त्याच हाताकडे परत जाऊ द्या. तीन दिवसांनी दिलेला ऑल्टर “हा माझा नव्हेच” म्हणून परत येतो.

प्रश्न : अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलचे २४ माग आहेत, दोन पाळ्या. सोमवारी हमखास चार-पाच माग बंद. जानेवारीत तर विचारूच नका. खाड्याला १०० रुपये दंड लावला, तर दोन चांगले विणकर सोडून गेले. हजेरी बोनस लावावा का? आणि उचल घेऊन बसलेत त्यांचं काय करायचं?

दंड आजच बंद करा. मजुरीच्या कायद्यात दंडाला मर्यादा आहे: एका पगाराच्या काळात मजुरीच्या ३ टक्क्यांपेक्षा जास्त कापता येत नाही, आणि तेही ठरवून दिलेल्या चुकांसाठी, त्या माणसाचं म्हणणं ऐकल्यावरच. शिवाय विणकराला शेजारच्या गल्लीत उद्याच माग मिळतो. दंड लावून तुम्ही तुमचा माणूस शेजाऱ्याला पोचवलात, एवढंच झालं.

मस्टर काढा आणि तीन महिन्यांचे खाडे वारांप्रमाणे मांडा, प्रत्येक माणसाची ओळ वेगळी. एक तास लागेल. साधारण तीन प्रकार दिसतात.

सोमवारचे खाडे पगाराच्या वाराशी बांधलेले असतात. पगार शनिवारी संध्याकाळी, रविवार हाती, सोमवार अंगावर. पगाराचा वार मंगळवार किंवा बुधवार केला की यातले बरेच कमी होतात. मात्र एक महिना आधी सांगा. किराण्याची उधारी आणि भिशीचा हप्ता शनिवारवर बांधलेला असतो. अचानक वार बदललात तर घरात भांडणं आणि शेडमध्ये शिव्या.

दुसरा प्रकार कांडीवर सूत भरायला आणि चेकिंग-घडीवर बसणाऱ्या बायकांचा. त्यांच्या खाड्यांशेजारी त्यांच्या भागातल्या नळाचे दिवस लिहून बघा. सोलापुरात पाणी रोज येत नाही, काही दिवसांच्या अंतरानं येतं, आणि ते भरायला घरात कुणीतरी थांबावंच लागतं. त्या दिवशी एक-दीड तास उशिरा येऊन संध्याकाळी तेवढंच थांबायची मुभा द्या. घडीचं काम सरकवता येतं. आख्ख्या दिवसाचा खाडा दीड तासावर येतो.

तिसरा प्रकार एकेकट्या माणसाचा: आजारी आई, दारू, पोराची शाळा. त्याला नियम लावून उपयोग नाही, बसून विचारावं लागतं. आणि विचारायचं ते मालकानं नव्हे, तर त्याच्या विश्वासातल्या जॉबरनं, म्हणजे माग दुरुस्त करणाऱ्या मुकादमानं. सोनारानंच कान टोचावेत ते असे.

हजेरी बोनस लावा, पण महिनाभराचा नको. ‘महिना पूर्ण भरला तर ६००’ असं ठेवलं आणि माणसाचा चार तारखेला एक खाडा पडला, की पुढचे दिवस भरायला त्याला काहीच कारण उरत नाही. उलट कुणी तापानं फणफणत मागावर उभा राहतो. आठवड्याचा ठेवा: सहा दिवस भरले की १५० रुपये, पुढच्या सोमवारी पाटी पुन्हा कोरी. आदल्या संध्याकाळी सात वाजेपर्यंत फोन आला तर त्या खाड्यापायी बोनस कापू नका. तुम्हाला बदली माणूस बघायला रात्र मिळते, तेवढीच त्याची किंमत. एका विणकराकडे दोन माग धरले तर दोन पाळ्यांचे २४ विणकर होतात. सगळ्यांनी सगळे आठवडे भरले तरी चार आठवड्यांचे १४,४०० रुपये. एक माग एक पाळी बंद राहिला की तुमचं काय जातं ते तुमच्याच वहीतून काढा आणि मग ठरवा. बदली माणूस मात्र आधी तयार लागतो. दोन हुशार हेल्परांना रोज शेवटचा तासभर मागावर उभं करा. दोन-तीन महिन्यांत साधा टॉवेल चालवण्याइतका हात बसायला हवा.

जानेवारीशी भांडू नका. संक्रांतीला सिद्धेश्वरांची यात्रा आहे, नंदीध्वज निघणार, अक्षता पडणार. त्या दिवशी माग चालू ठेवून कोण येणार? डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात कागद लावा आणि ज्याला जो दिवस हवा तो लिहू द्या. अक्षतेच्या दिवशी कारखानाच बंद ठेवा आणि त्या बदल्यात कुठला दिवस भरून काढायचा ते सगळ्यांना विचारून ठरवा. नारळी पौर्णिमेचा मार्कंडेय रथोत्सव आणि ईद यांचंही असंच.

उचलीचा नियम कागदावर आणा. किती, हप्ता किती, आणि निम्मी फिटल्याशिवाय नवी नाही. दर पगाराला बाकी तोंडी सांगा आणि त्याच्या वहीत लिहून द्या. वर्षानुवर्षं ‘बाकी आहे’ एवढंच ऐकणारा माणूस मनानं केव्हाच निघून गेलेला असतो. उचलीच्या जोरावर कुणाला अडकवून ठेवू नका, १९७६ च्या वेठबिगारीविरुद्धच्या कायद्यात ते अंगाशी येऊ शकतं.

प्रश्न : चांगलं म्हटलं की लोक डोक्यावर बसतात, असा माझा अनुभव आहे. तरी शाबासकी द्यायचीच का? (पदवीधर, मेसचा चालक)

‘वा, छान काम’ म्हटलं तर बसतीलही, कारण त्यातून नेमकं काय छान ते कळत नाही. “काल चाळीस ताटं जास्त आली तरी भाकरी कमी पडली नाही, तू अकरालाच पीठ वाढवून ठेवलंस म्हणून” असं म्हणा. त्याच दिवशी, त्या माणसाला, एका वाक्यात. यातून बाकीच्यांनाही कळतं की तुमची नजर कशावर आहे. आठवड्यात एकाच माणसाचं नाव तीनदा येत असेल तर तुमचंच बघणं कमी पडतंय. भांडी घासणाऱ्याकडे शेवटचं कधी बघितलं ते आठवा.

अमेरिकेतल्या फ्रेडरिक हर्झबर्ग या मानसशास्त्रज्ञानं १९५० च्या दशकात पिट्सबर्ग भागातल्या अभियंत्यांच्या आणि हिशेबनिसांच्या मुलाखती घेतल्या. त्याला दिसलं की माणसं ज्यानं वैतागतात आणि ज्यानं उमेदीनं काम करतात त्या गोष्टी वेगवेगळ्या असतात. पगार, साहेबाचं वागणं, कामाची जागा यांनी वैताग येतो किंवा टळतो. उमेद येते ती जमलेल्या कामातून आणि त्याची कुणी दखल घेतल्यानं. तेव्हा पगार थकलेला असेल तर शाबासकी देऊच नका, थट्टा वाटेल.

प्रश्न : टॉवेलच्या कारखान्यात क्वालिटी बघतो. मागावर दोष आला तर विणकर सांगतच नाही. चेकिंगला कळतं, कधी थेट माल घेणाऱ्या पार्टीकडून. मीटिंगमध्ये कितीदा बजावलं, फरक शून्य.

माग थांबवला तर पैसे कुणाचे जातात, इथून सुरुवात करा. मजुरी नगावर असेल तर थांबलेल्या प्रत्येक मिनिटाला विणकराच्या खिशातून जातात. तुम्ही त्याला स्वतःचं नुकसान करून तुमचा माल वाचवायला सांगताय. मीटिंगनं हे बदलत नाही.

टेरी टॉवेलला दोन बीम (उभं सूत, म्हणजे ताणा, गुंडाळलेले रूळ) लागतात, एक जमिनीच्या ताण्याचा, घट्ट, आणि एक लूपच्या, म्हणजे वरच्या फुगीर फासांच्या, ताण्याचा, सैल सुटणारा. लूपचा बीम कमी-जास्त सुटायला लागला की लूपची उंची बदलते आणि टॉवेलचं वजन हलतं. ताजा टॉवेल हातात घेतला की विणकराला ते सगळ्यांत आधी जाणवतं. पण जॉबर दुसऱ्या मागात अडकलेला, तो येईपर्यंत पाऊण तास बसून राहायचं, मग कोण सांगेल? म्हणून मालकांकडून एवढं मंजूर करून घ्या: यंत्राच्या दोषानं माग दहा मिनिटांपेक्षा जास्त थांबला तर त्या वेळेची मजुरी सरासरीनं मिळेल. मागाजवळ पाटी ठेवा: थांबला कधी, सुरू झाला कधी. महिन्याअखेर पाटी बघितली की कुठला माग जॉबरला खातोय तेही कळतं.

दुसरं, खुणेचा दोरा. दोष जिथे सुरू झाला तिथे विणकरानं काठाला लाल दोरा बांधायचा. दोऱ्याचा दोष: मजुरीत कापणी नाही. बिनदोऱ्याचा दोष चेकिंगला सापडला तर बसून बोलायचं. चेकिंगवाल्या बाईलाही दोरा दिसला की नेमकं कुठे बघायचं ते कळतं.

तिसरी गोष्ट तुमच्या जिभेची. कुणी दोष घेऊन आला की पहिलं वाक्य “बरं झालं सांगितलंस”, दुसरं “कुठल्या टॉवेलपासून?”, तिसरं जॉबरला हाक. ‘कसं काय झालं?’ हे माग सुरू झाल्यावर विचारा. आधी विचारलंत तर तो पुढच्या वेळी गप्प. सांगणाऱ्याची मराठी तोडकी असेल तर तेलुगू किंवा कन्नडमध्ये सांगू द्या, तुम्ही दुभाषी शोधा. आणि सूचना देताना ‘समजलं का?’ विचारू नका, सगळे मान हलवतात. चांगला आणि दोषाचा, दोन्ही नमुने मागाशेजारी टांगा आणि त्याला बोट ठेवून दाखवायला सांगा.

एक इशारा मालकांना आधीच देऊन ठेवा: पहिल्या महिन्यात नोंदलेले दोष वाढतील. एमी एडमंडसन या संशोधिकेनं १९९० च्या दशकात अमेरिकेतल्या रुग्णालयांमध्ये औषधांच्या चुका तपासल्या, तेव्हा ज्या वॉर्डांत माणसांचं एकमेकांशी चांगलं जमत होतं तिथेच चुकांच्या नोंदी जास्त निघाल्या. तिथली माणसं चुका लपवत नव्हती, असा त्याचा अर्थ तिनं लावला. मालकांना हे आधी ठाऊक नसेल तर वाढलेला आकडा बघून ते सगळं गुंडाळून ठेवतील.

प्रश्न : पुण्याहून एमबीए करून वडिलांच्या चादरीच्या कारखान्यात आलो. वयानं मोठे कामगार तोंडावर “हो मालक” म्हणतात आणि करतात जुनंच. मी काही ठरवलं की वडील सगळ्यांसमोर बदलतात.

पाणी वडिलांपाशी मुरतंय, कामगारांपाशी नाही. ज्या कारखान्यात दोन शब्द चालतात तिथे शहाणा माणूस जुना शब्द पाळतो, कारण तो टिकेल याची त्याला खात्री असते.

वडिलांशी घरी, कारखान्याबाहेर बोला आणि सगळा कारखाना मागू नका. एकच विभाग मागा, पॅकिंग-डिस्पॅच किंवा सूत खरेदी, सहा महिन्यांसाठी. त्यातला किती रुपयांपर्यंतचा निर्णय तुमचा हे आकड्यात ठरवा. पटलं नाही तर वडिलांनी संध्याकाळी घरी सांगायचं, शेडमध्ये नाही. बदल करायचाच झाला तर तो दुसऱ्या दिवशी तुमच्याच तोंडून जाहीर व्हायचा. वडील पहिल्या आठवड्यात दोनदा विसरतील. तिथल्या तिथे वाद घालू नका, रात्री आठवण करून द्या.

कामगारांसाठी पहिला महिना काहीच बदलू नका. सर्वांत जुन्या जॉबरकाकांच्या मागे आठवडाभर फिरा. त्यांना ‘काका’ म्हणा, ‘अहो’ म्हणा. तुमच्या बालपणापासून ते तिथे आहेत आणि चारचौघांत ‘अरे’ केलेलं ते विसरणार नाहीत. जकार्डच्या, म्हणजे मागावर नक्षी उठवणाऱ्या यंत्राच्या, पट्ट्या कशा लावतात, नक्षी बदलायला किती वेळ जातो आणि का, हे त्यांच्याकडून शिका आणि लिहून काढा. मग पहिला बदल असा निवडा ज्याची तक्रार काकाच पंधरा वर्षं करत आलेत: सुताचं गोदाम लांब आहे, हत्यारांची पेटी एकच आहे, असलं काहीतरी. तो काकांच्या नावानं करा. संगणकावरचा उत्पादनाचा तक्ता दिवाळीनंतर आणला तरी चालेल. तोवर तो तुमच्या मोबाईलमध्येच राहू द्या, आणि मीटिंगमध्ये इंग्रजी शब्द कमी वापरा.